शाळेच्या वाफ्यातली येळवस

आमच्या गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या एका मुलीनं परवा मला विचारलं, "बाई, खेड्यातून आल्यावर शहराची सवय व्हायला तुम्हाला किती दिवस लागले?" मी म्हटलं, "माझं राहू दे. शहराला माझी सवय व्हायला साडेतीन वर्षं लागली." ती हसली. म्हातारी गंमत करते असं तिला वाटलं असावं. मी गंमत करत नव्हते.

कागदावर गावाचं नाव उस्मानाबाद, आमच्या तोंडी धाराशिव. मोठ्या शहरातल्या माणसाला त्याला शहर म्हणताना हसू येईल, येऊ दे. तेरणेच्या काठावरच्या, जिथं चिमणी विझली की दिवस संपायचा, अशा खेड्यातून मी आठवीला आले होते. कोर्ट, कचेऱ्या, विजेचे खांब, मुलींची वेगळी शाळा, एवढं सगळं एका जागी असलेलं गाव माझ्या लेखी शहरच होतं.

मी आले ती आत्यामुळं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लहानपणीच कपाळ पांढरं झालेलं, सगळं आयुष्य भावाच्या शेतात राबण्यात गेलेलं, अक्षराची ओळख नाही. सातवी झाल्यावर वडील माझ्यासाठी स्थळ बघायला लागले तेव्हा तीच आडवी आली. "मॅट्रिक होऊ द्या पोरीला. तवर म्या तिच्याजवळ राहते, तिचं रांधून घालते. मॅट्रिक झाली तर मास्तरीण हुईल. न्हाय झाली तर त्याच उन्हाळ्यात उजवा, म्या चकार शब्द बोलणार न्हाय." वडिलांनी ते कबूल केलं. म्हणजे मॅट्रिकच्या परीक्षेला बसणं माझ्यासाठी काय होतं, हे कुणाला वेगळं सांगायला नको.

एका कारकुनाच्या घरात मागच्या अंगाची खोली आम्ही भाड्यानं घेतली. कारकून स्वभावानं गरीब होते, त्यांच्या बायको, आमच्या मालकीणबाई, मात्र तशा नव्हत्या. मालकीणबाईंच्या नियमांत पहिला नियम भाकरीचा. "दुपारी ती धपधप नको बाई. शेजारच्यांना वाटतं आमच्याच घरात भाकऱ्या थापतात. आमच्यात पोळ्या असतात." दुसरा आंबिलाचा. उन्हाळ्यात आत्या ताकात ज्वारीचं पीठ घालून आंबवायची, तर मालकीणबाई अंगणात उभ्या राहून चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायच्या, "कसला हा आंबूस वास?" आत्या गावात कुणाचं ऐकून घेणारी बाई नव्हती. पण खोली गेली तर शाळा जाईल, म्हणून इथं ती गिळायला शिकली. तिनं काटवटीखाली गोणपाटाची चौघडी घडी घातली, दार लावून घेतलं आणि भाकरी दाबून दाबून, आवाज न करता थापायला लागली. तशी भाकरी कधीच नीट फुगायची नाही. साडेतीन वर्षं आम्ही बसकी भाकरी खाल्ली.

शाळेत तेच. वर्गात आम्ही खेड्यांतून आलेल्या सात जणी, बाकीच्या गावातल्या. कुणी वकिलाची, कुणी डॉक्टरची, कुणी कचेरीतल्या पेशकाराची. मी "म्या न्हाय केलं" म्हटलं की मागच्या बाकावर खसखस पिकायची. मी दोन महिन्यांत त्यांच्यासारखं बोलायला शिकले. त्यात काय अवघड आहे? पण त्यांना माझ्यासारखं बोलायला सांगा, जमतं का बघा.

एका तासाला मात्र त्या आमच्या पाठीमागं लपायच्या, बागकामाच्या. शाळेमागं चार-पाच वाफ्यांचा तुकडा होता. त्यात शाळू, हरभरा, थोडी मेथी-कोथिंबीर. हाताला माती लागते म्हणून गावातल्या मुली बांधावर उभ्या राहून गप्पा मारायच्या. खुरपणं, पाणी पाजणं, पाखरं हाकणं आम्हा सात जणींकडं. मार्क सगळ्यांना सारखे. मला त्याचा राग यायचा, पण त्या वाफ्याच्या कडेला बसलं की बरंही वाटायचं. अख्ख्या धाराशिवात तेवढी एकच जागा अशी होती जिथं मला कुणी काही शिकवू शकत नव्हतं.

मॅट्रिकच्या वर्षी शाळेला नव्या मोठ्या बाई आल्या, पुण्याकडच्या. महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती आणि तिकडची माणसं इकडं बदलून यायला लागली होती. बाई एकट्या राहायच्या, पांढरीशुभ्र सुती साडी नेसायच्या, शिकवायच्या उत्तम. खोटं कशाला बोलू, त्यांच्यासारखं गणित मला पुढं कुणी शिकवलं नाही. पण आमच्या मुलखात काय चालतं याचा त्यांना गंध नव्हता, आणि तो करून घ्यायची गरजही त्यांना वाटत नव्हती.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. आमच्या भागात त्या दिवशी कुणी घरात थांबत नाही. उभ्या पिकात कडब्याच्या पेंढ्यांची खोपटासारखी कोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. मग पिकाभोवती आंबिल शिंपत फिरायचं, एक कानडी वळणाचा घोष करायचा ज्याचा अर्थ कुणालाच सांगता येत नाही, आणि बांधावर बसून ओल्या दाण्यांची नि पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, खीर, आंबिल असं पोटाला तडस लागेपर्यंत खायचं. त्या दिवशी रस्त्यानं जाणाऱ्या परक्या माणसालाही हात धरून शेतात नेतात. शेतात आलेला उपाशी गेला तर पीक रुसतं. आधीच्या मोठ्या बाई इथल्याच होत्या, त्या दिवशी त्या शाळा भरल्यासारखी करून सोडून द्यायच्या.

नव्या बाईंनी त्याच दिवशी तपासणी ठेवली. वरचे साहेब अकरा वाजता येणार, वर्ग बघणार, बाग बघणार. एका जुन्या शिक्षिकेनं चाचरत सांगून पाहिलं, तर बाई म्हणाल्या, "अमावास्येची का कुठं सुट्टी असते?" आणि फळ्यावर सूचना लागली : त्या दिवशी जी मॅट्रिकची मुलगी गैरहजर राहील तिचा परीक्षेचा फॉर्म शाळा पाठवणार नाही.

वडिलांनी कंडक्टरबरोबर निरोप पाठवला होता, आदल्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं या. मी उलटा निरोप पाठवला, येता येत नाही, फॉर्म जाईल. आत्याला म्हटलं, "तुम्ही तरी जावा." ती म्हणाली, "तुला हितं टाकून म्या कुणाच्या तोंडानं आंबिल पिऊ?" आणि तरीही तिनं मडक्यात आंबिल घातलंच. मी विचारलं, कशाला? तिनं मडक्याला फडकं बांधलं.

सकाळी उठले तो अंगणात गडबड. मालकीणबाई ठेवणीतलं लुगडं नेसलेल्या, दारात छकडा जुंपून उभा, आणि कारकूनसाहेब दोन्ही हातांनी एक मडकं सांभाळत छकड्यात चढत होते. मडक्याचं तोंड फडक्यानं बांधलेलं होतं. पण आंबिलाचा वास फडक्याला जुमानतो होय? त्यांचं कुठंतरी ढोकीच्या वाटेला वडिलोपार्जित शेत होतं. साडेतीन वर्षांत त्या शेताचं नाव एकदाही आमच्या कानावर आलं नव्हतं. मालकीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मी मडक्याकडं पाहिलं, आणि त्या घाईघाईनं म्हणाल्या, "यांच्याकडची जुनी रीत आहे बाई, करावी लागते." छकडा गेला. आत्या चौकटीत उभी होती. ती आधी हसली आणि मग तिला असा राग चढला की मी तसा कधी पाहिला नव्हता.

"पोरी," ती म्हणाली, "तुमच्या साळंत पीक हाय न्हवं उभं?"

"हाय की. वाफाभर शाळू हाय."

"मग तिथं येळवस व्हायाच पायजे. पिकाला गाव आन् शहर कळतंय व्हय?"

फॉर्म माझ्या डोक्यात होताच. पण त्या बंद दाराच्या, गोणपाटाच्या साडेतीन वर्षांचा मलाही वीट आला होता. मी बाकीच्या सहा जणींना बोलवून आणलं. शाळेमागं एक म्हातारे चाचा म्हैस पाळून होते. त्यांच्याकडं कडब्याच्या पाच पेंढ्या मागितल्या तर ते म्हणाले, "पैसे कायकू, बेटी? येळवस है ना आज. आंबिल भेजो मेरेकू." नऊ वाजायच्या आत शाळूत कोप उभी राहिली. दगडांना चुना शाळेच्याच डब्यातला लावला. आत्यानं घरून आंबिलाचं मडकं आणि बाजरीचं पीठ आणलं होतं; तिनं तीन दगडांची चूल मांडली, वाफ्यातलाच हरभरा, मेथी खुडून भज्जी शिजवायला घेतली आणि उंडे वळले. आमच्यातली एक सारखी रडत होती, "फारम गेला आपला, फारम गेला." मी तिला म्हटलं, "बाईंनी हजर राहायला सांगितलंय. आपण हजर हाव. रडतीस कशाला?"

साडेदहा झाले तरी शाळेत कुणी येईना. वर्ग रिकामे, अंगण रिकामं. शिपायानं फाटक उघडलं होतं आणि तोही कुठंतरी सटकला होता. शिक्षिकांच्या खोलीत टेबलावर चार चिठ्ठ्या पडल्या होत्या, चौघींनाही एकाच दिवशी ताप आला होता. घंटा मीच दिली.

मोठ्या बाई आल्या त्या रेशमी साडीत, हातात साहेबांसाठी हार. त्यांनी एक एक वर्ग डोकावून पाहिला. मॅट्रिकच्या वर्गात आम्ही सात जणी ओळीत उभ्या होतो, हातांना चुना आणि कपड्यांना धूर. "बाकीच्या कुठं आहेत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बाई, हजेरी घ्या."

त्यांनी घेतली. त्या शिस्तीच्या होत्या, रिकाम्या बाकांचीही नावं पुकारली. वकिलाची मुलगी, गैरहजर. डॉक्टरची, गैरहजर. पेशकाराची, गैरहजर. ज्या आम्हाला येता-जाता "तुमच्या गावाकडचं" म्हणून हसायच्या, त्या सगळ्या आपापल्या शेतात गेल्या होत्या. फॉर्मची त्यांना भीती नव्हती. त्यांचे बाप उद्या येऊन बाईंशी बोलणार होते. आमचे बाप शाळेच्या फाटकातून आत यायलाही कचरायचे. येळवशीला अख्ख्या धाराशिवात अडकून पडलेल्या आम्हीच, खेड्यातल्या सात पोरी. हे तेव्हा कळलं आणि माझं डोकंच फिरलं.

बाईंनी खिडकीतून कोप पाहिली. तरातरा मागच्या वाफ्यात आल्या, आम्ही त्यांच्या पाठोपाठ. "हे काय आहे? कुणाच्या परवानगीनं? साहेब आत्ता येतील. ताबडतोब मोडा ते."

आत्या चुलीपुढून उठली नाही. "बाई, आज मोडता येत न्हाय. पांडव बसल्यात."

"मी या शाळेची मुख्याध्यापिका आहे."

"आसाल की. म्या कुठं न्हाय म्हंते? पर पांडव उठायच्या आदी कोप मोडत न्हाईत. तुमी शेतात आलाव, आता बसा. जेवल्याबिगर जाऊ न्हाई."

बाई बसल्या नाहीत. एक वाजला, दोन वाजले. साहेब आले नाहीत. चाचा आंबिल प्यायला आले तेव्हा त्यांनीच बातमी दिली, "साब? साब तो सुबेच जीप में गए, तेर के तरफ. किसीके खेत में बुलाया उनकू." आम्ही तोंडात पदर कोंबून हसलो. बाईंनी ते ऐकलं. हातातला हार टेबलावर ठेवून त्या ऑफिसात जाऊन बसल्या. एवढ्या मोठ्या शाळेत, एवढ्या रिकाम्या गावात ती एकटी बाई. मला तेव्हा तिची दया आली नाही, खरं सांगते. आत्याला आली. तिनं पळसाच्या पानावर भज्जी-उंडे वाढले, वाटीत आंबिल ओतलं आणि बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवलं. परत येऊन म्हणाली, "खाती का न्हाय, ती जाणं. आपून वाढायचं." मग आम्ही वाफ्याभोवती आंबिल शिंपत फिरलो आणि तो घोष असा केला की कोर्टापर्यंत ऐकू गेला असेल. कोर्टात तरी कोण होतं ऐकायला!

दुसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावणं आलं. शाळेच्या जागेत विनापरवाना चूल पेटवली, कोप उभारली, त्याबद्दल माफीनामा लिहून दे, तरच तुमचे सात फॉर्म जातील. बाहेर व्हरांड्यात वकीलसाहेब आणि आणखी दोन-तीन बाप आपापल्या मुलींचं बोलायला ताटकळले होते. बाईंनी त्यांनाही आत घेतलं. वकीलसाहेब हसत म्हणाले, "बाई, कालचा दिवस तुम्ही सुट्टीचा धरून टाका. स्थानिक सुट्टी म्हणा. म्हणजे कुणाचीच गैरहजेरी लागत नाही." बाईंना ते पटलेलं दिसलं. त्यांनी माझ्यापुढं कोरा कागद सरकवला.

फॉर्म अडला तर उन्हाळ्यात लग्न, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी म्हटलं, "मी माफी लिहिणार नाही, बाई. काल मी हजर होते. हजेरीपट उघडा."

"तो प्रश्न नाही."

"तोच आहे. सूचना तुमची होती. जी गैरहजर, तिचा फॉर्म नाही. आम्ही सात जणी हजर होतो. आता सुट्टी द्यायची तर द्या, पण मग सुट्टीच्या दिवशी आम्ही काय केलं याची माफी कशाची? आणि सुट्टी कशाची ते फळ्यावर लिहा. स्थानिक नाही. वेळ अमावस्या असं लिहा."

वकीलसाहेबांचं हसू मावळलं. "अगं, स्थानिक काय आणि..."

"तुमच्या शेतात कोप होती का न्हाय काल?" मी त्यांना तिथल्या तिथं विचारलं. शाळेची भाषा त्या क्षणी माझ्या तोंडून गळून पडली आणि मी ती उचलली नाही. "तुमची पोरगी आमाला हसती. मग ती काल कुठं गेलती, सांगा की."

ते खिडकीबाहेर बघायला लागले. शाळूच्या ताटांवर कोपीचं टोक दिसत होतं. बाईंनी हजेरीपट उघडला. कालच्या पानावर सात नावांपुढं हजेरी होती, बाकी सगळी गैरहजर, आणि त्या गैरहजेरीच्या मधोमध वाटीच्या बुडाचा एक गोल पांढुरका डाग होता. आंबिल वाळलं की तसाच डाग पडतो, आणि आत्यानं वाटी टेबलावर ठेवली होती, पटावर नव्हे. बाईंनी तो पाहिला, मी पाहिला. त्यांनी तळहात त्याच्यावर ठेवला, पण उशीर झाला होता.

बाई उठल्या, खडू घेतला आणि स्वतः बाहेर जाऊन फळ्यावर लिहिलं. वळणदार, पुणेरी अक्षर. "वेळ अमावस्येनिमित्त काल शाळेस सुट्टी होती. पुढील वर्षापासून ही सुट्टी यादीत राहील." माझ्यासमोरचा कोरा कागद त्यांनी परत घेतला. वर्गातले सगळे फॉर्म त्याच दिवशी एकत्र गेले, आमचे सात आणि त्या सगळ्या हसणाऱ्यांचेही. वकिलाची मुलगी मला नळावर भेटली तेव्हा म्हणाली, "आमच्या शेतातही कोप असते, माहितीय?" मी म्हटलं, "साडेतीन वर्षं का बोलली न्हाईस मग?" ती नळाखाली वाकून तोंड धुवायला लागली.

दुपारच्या सुट्टीत मी धावत खोलीवर आले. आत्या पीठ मळत बसली होती, दार लावलेलं.

"लिवलीस का माफी?"

"न्हाय."

"मग फारम?"

"धाडला. सगळ्यांचा धाडला."

आत्यानं पिठाचे हात तसेच कपाळाला टेकवले. नंतर उठली, दार सताड उघडलं आणि काटवटीखालचं गोणपाट ओढून अंगणात भिरकावलं. ते नेमकं मालकीणबाईंच्या तुळशीपाशी जाऊन पडलं. मालकीणबाई ओसरीवर गहू निवडत होत्या. त्यांनी गोणपाटाकडं पाहिलं, आमच्या उघड्या दाराकडं पाहिलं आणि पुन्हा खाली मान घालून निवडायला लागल्या.

"बस," आत्या मला म्हणाली, "आज तू थाप."

मी बाह्या सारल्या आणि थापायला बसले, भर दुपारी, दार उघडं ठेवून, गल्लीला ऐकू जाईल अशी. त्या दिवशी भाकरी टम्म फुगली.